मच्छीमारांचा इशारा कास्तकारानेही ऐकावा



पावसाळ्याच्या दिवसांत रेडिओवर हवामानाचं वृत्त लागलं की त्यात एक वाक्य हमखास येतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे, ओडिशा आणि उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हे ऐकून पारावर बसलेला एखादा गडी म्हणतोच, "आपल्याले काय घेनं-देनं त्याच्याशी? आपल्याकडं ना समुद्र, ना होडी. लावा दुसरं काही."

आमचं म्हणणं असं की बाकीचं वृत्त एक वेळ ऐकलं नाही तरी चालेल, पण हे वाक्य कान देऊन ऐकावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पऱ्हाटीचं, सोयाबीनचं आणि तुरीचं पुढच्या चार दिवसांत काय होणार, याची पहिली खूण पुष्कळदा त्याच वाक्यात असते.

घरातल्या शाळकरी पोराचा नकाशा घ्या आणि त्यावर एक सुतळी ताणून बघा. यवतमाळहून पश्चिमेला डहाणू-मुंबईचा किनारा सरळ रेषेत साडेपाचशे ते पावणेसहाशे किलोमीटर भरतो. आता तीच सुतळी आग्नेयेला आंध्रातल्या मछलीपट्टणम-काकीनाड्याच्या किनाऱ्याकडे फिरवा. अंतर जवळजवळ तेवढंच निघतं. म्हणजे आपण दोन समुद्रांच्या अगदी मधोमध बसलेलो आहोत, आणि दोघांकडूनही आपल्याला पाणी यायचं असतं. ते पाणी परत जातंही. जिल्ह्याच्या दोन कडांनी वाहणाऱ्या वर्धा आणि पैनगंगा वणी तालुक्यात जुगादजवळ एकमेकींना मिळतात. तिथून ते पाणी प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं.

दोन समुद्र, दोन तऱ्हा

जूनमध्ये नैऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून ओल घेऊन निघतो. पण वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. ढग डोंगर चढता चढताच रिकामे होतात. म्हणून कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि घाट उतरून पूर्वेला आलं की पाचशे-सहाशेवर येतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यात साधारण वर्षभरात जेवढा पडतो तेवढा तिथे एका दिवसात कोसळला! तेव्हा मुंबईत रेल्वेच्या रुळांवर पाणी आलं अशी बातमी लागली म्हणून इकडे तिफण काढायची घाई करू नये. त्या पावसाचा आपल्याशी संबंध असतोच असं नाही.

आपल्याला भरवशाचा पाऊस देतो तो मुख्यतः पूर्वेकडचा समुद्र. म्हणून विदर्भात बुलढाण्याकडून गडचिरोलीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. पूर्वेचा माणूस समुद्राच्या त्या दाराजवळ बसला आहे, पश्चिमेचा जरा लांब.

आता हा कमी दाब म्हणजे काय ते बघू. चूल पेटवली की गरम हवा धुरासकट वर जाते आणि तिची जागा भरायला दाराच्या फटीतून गार वारा आत शिरतो. समुद्रावर हेच शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्यात होतं. पाणी तापलेलं असतं, हवा हलकी होऊन वर चढते, चहूबाजूंनी वारे तिकडे धावतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे हे वारे सरळ केंद्राकडे जात नाहीत. आपल्या बाजूला ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरत फिरत आत जातात. सोबत समुद्राची वाफ असतेच. ती वर गेली की थंड होते आणि पाऊस होऊन खाली येते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरा. पावसाळ्यातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा सगळ्यात जोराचा पाऊस बहुधा त्याच्या केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैऋत्येला पडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडात रायपूर-बिलासपूरकडे किंवा मध्य प्रदेशात जबलपूरच्या बाजूला आलं असं वृत्तात ऐकलं, तर आपण बरोबर त्या पावसाच्या कुशीत सापडतो. केंद्र आपल्या डोक्यावर येण्याची वाट बघत बसू नये. तोवर पाऊस पुढे सरकलेला असतो.

ओडिशाच्या पुरीहून यवतमाळ सुमारे आठशे किलोमीटर. अशी क्षेत्रं दिवसाला साधारण दोनशे ते चारशे किलोमीटर सरकतात. म्हणजे पुरी-गोपाळपूरच्या मच्छीमाराला आज होडी बांधून ठेवायला सांगितली असेल, तर आपल्याकडे त्याचा पाऊस पोचायला दोन-तीन दिवस लागतात. एवढ्या वेळात डवरा फिरवून होतो, खताचं पोतं झाकून होतं, नाल्याकाठची मोटार वर काढून होते. पूर्वसूचना म्हणून हे काही थोडकं नाही.

पण दर वेळी पाऊस येईलच असं नव्हे

एका पावसाळ्यात अशी साधारण डझनभर क्षेत्रं तयार होतात, त्यातली सगळीच आपल्या वाट्याला येत नाहीत. म्हणून वृत्तातला पुढचा शब्द ऐकायचा. ते क्षेत्र कोणत्या दिशेने सरकणार?

"पश्चिम-वायव्य दिशेने ओडिशा, छत्तीसगडकडे" असं म्हटलं तर आपल्याकडे पावसाची आशा. "उत्तरेकडे झारखंड, बिहारकडे" असं म्हटलं तर आपल्याला फारसं काही मिळायचं नाही, उलट आपल्याकडची ओल तिकडे खेचली जाते आणि चार दिवस कोरडे जातात.

याच्या जोडीला आणखी एक शब्द असतो, मान्सूनचा आस. राजस्थानपासून बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकापर्यंत कमी दाबाचा एक लांबच लांब पट्टा पावसाळाभर पसरलेला असतो. तो आपल्या नेहमीच्या जागी किंवा जरा दक्षिणेला असला की मध्य भारतात पाऊस राहतो. तो वर हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला की तिकडे पूर आणि इकडे उघाड. कास्तकार त्याला खंड पडला म्हणतो. २०२३ चं साल आठवा. २२ जुलैला जिल्ह्यात असा पाऊस झाला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावरच्या माणसांना पाण्याने वेढलं आणि हेलिकॉप्टर मागवायची पाळी आली. आणि लगेच पुढचा ऑगस्ट? १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैत पाणी काढायला चर खोदत होते तेच लोक ऑगस्टात विहिरीवर इंजिन लावून तुषार संच फिरवत होते.

इथे एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. कोकण-गोव्याच्या मच्छीमारांना आणि मध्य अरबी समुद्रासाठी जून ते ऑगस्ट जवळजवळ रोजच इशारे असतात. त्या दिवसांत तिथला वारा मुळातच जोराचा, समुद्र कायम खवळलेला. त्यावरून आपल्या पावसाचा अंदाज बांधू नये. आपल्या कामाचा इशारा तो, जो ओडिशा आणि उत्तर आंध्रच्या किनाऱ्यासाठी निघतो. लाटांची भाषाही आली तर घाबरून जाऊ नका. "खवळलेला" म्हणजे अडीच ते चार मीटरच्या लाटा आणि "अति खवळलेला" म्हणजे चार ते सहा मीटरच्या. घराच्या आड्याएवढी लाट अंगावर घेणाऱ्या त्या कोळ्याचं काय होत असेल याची कल्पना आपण कोरड्या जमिनीवरून करायची.

शब्दांचे अर्थ

वर्तमानपत्रात सगळ्यालाच कमी दाबाचा पट्टा म्हणतात. खरं तर पट्टा लांबट असतो आणि क्षेत्र गोल. क्षेत्राचा जोर वाऱ्याच्या वेगावर ठरवतात. वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास किंवा कमी असला तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ५० पर्यंत गेला की त्याला डिप्रेशन म्हणतात, ५१ ते ६१ असला की तीव्र डिप्रेशन. ६२ झाला की चक्रीवादळ, आणि मगच त्याला नाव ठेवतात. आपल्या दृष्टीने बघितलं तर जुलै-ऑगस्टातलं साधं, बिननावाचं क्षेत्रच जास्त उपयोगाचं. नाव मिळालेली वादळं बहुधा पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात आणि आपलं नुकसानच जास्त करतात.

पावसाच्या शब्दांनाही मोजमाप आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे सव्वीस ते पन्नास. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर, आणि त्यापुढे "बहुतांश ठिकाणी". तेव्हा तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला आणि आर्णीला पडला पण तुमच्या वावरात थेंब नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. त्यांनी तेच सांगितलं होतं. खोटं बोलतो रेडिओ, असं म्हणण्याआधी हा शब्द कोणता होता तेवढं आठवून बघावं.

जोराचे शब्द असे: २४ तासांत १५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति जोरदार, आणि त्याच्याही वर गेला तर अतिवृष्टीचाही कळस. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. रंगांचं तर आता पोरांनाही पाठ झालं आहे. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हात हलवा. लाल लागल्यावर विचार करायचा नसतो, विचार नारिंगीवर करून ठेवायचा असतो.

पेरणी कधी करावी

आता खऱ्या पोटापाण्याच्या गोष्टीकडे येऊ.

केरळात मान्सून आला ही बातमी दर वर्षी वाजत-गाजत येते. ठरलेली तारीख १ जून. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच केरळात उतरला आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. इतक्या लवकर मुंबईत पोचल्याची नोंद नव्हती. सगळीकडे आनंदीआनंद! पण मग त्याची वाटचाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. ज्यांनी मेअखेरच्या त्या ओलीवर भरवसा ठेवून सरकी टोबली, त्यांच्या बियाण्यावर मधल्या कोरड्या दिवसांत काय गुदरलं असेल ते वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये उलटा प्रकार झाला. अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचं चक्रीवादळ उठलं, बरेच दिवस समुद्रावरच रेंगाळलं आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर चढलं. केरळात मान्सून ८ जूनला आला खरा, पण विदर्भात यायला जूनचा शेवटचा आठवडा तोंडावर आला. मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या तेव्हा कुठे पाऊस.

नक्षत्रांवर आमचा राग नाही. वाडवडिलांनी शंभर पावसाळे बघून त्यांचा हिशेब बसवला आहे. पण नक्षत्र सरासरी सांगतं, यंदाचं सांगत नाही. यंदाचं सांगायला समुद्राकडेच बघावं लागतं.

कृषी खात्याचा आणि विद्यापीठाचा सल्ला आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चार हजार लिटर पाणी, दोनशे लिटरचे वीस ड्रम. ७५ मिलिमीटर म्हणजे असे पंधराशे ड्रम! आपली काळी जमीन एवढं पाणी प्यायल्याशिवाय खालपर्यंत भिजत नाही. वरची चार बोटं ओल बघून पेरलं, की कोंब वर येतो आणि खालची कोरडी माती त्याची मान आवळते.

मग दुबार पेरणी. कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट नऊशे रुपयांच्या घरात, एकराला दोन लागतात. वर बाईमाणसांची मजुरी, खत, आणि वाया गेलेले पंधरा दिवस. पैसे कुठून तरी उभे होतात, पंधरा दिवस होत नाहीत. उशिरा लागलेली पऱ्हाटी शेवटपर्यंत मागेच राहते. ज्याच्याकडे ओलिताची सोय नाही त्याने धूळपेरणीच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोणाला एखाद्या वर्षी साधली असेल. तसा पत्त्यांतही कोणी एखादा जिंकतो. शिवाय गुलाबी बोंडअळीमुळे हंगामापूर्वी कपाशी लावू नका असा खात्याचा आग्रह आहेच.

पुष्कळ जण विचारतात की पाऊस पुरेसा झाला आहे, वापसाही आला आहे, आणि तेवढ्यात रेडिओने उपसागरात नवं क्षेत्र सांगितलं, तर पेरावं की थांबावं? क्षेत्र अजून समुद्रातच असेल, आपल्या जिल्ह्याला पिवळा किंवा काहीच इशारा नसेल आणि दोन दिवसांत काम उरकत असेल तर पेरून घ्यावं. पण क्षेत्र जमिनीवर चढून छत्तीसगडच्या वाटेला लागलं असेल आणि जिल्ह्याला जोरदार पावसाचा इशारा असेल, तर तिफण ठेवून द्यावी. नुकत्या पेरलेल्या वावरावर मुसळधार आला की काळ्या मातीवर पापडी धरते, सोयाबीनचं बी पाण्यात सडतं, उताराच्या वावरात तर सऱ्यांसकट बी नाल्यात जातं. चार दिवस थांबल्याने नुकसान होत नाही. आणि ओल जेमतेम असेल तर क्षेत्राच्या भरवशावर आधी पेरून ठेवण्याचा मोह टाळावाच, कारण ते झारखंडाकडे वळलं तर तुम्ही काय करणार?

फवारणीच्या दिवसांत

पाऊस नुसता पेरणीपुरता नाही. झड लागणार असेल तर फवारणी आणि युरिया दोन्ही थांबवावेत. औषध धुऊन जातं, युरिया वाहून जातो, पैसे नाल्यात. औषध मारल्यावर निदान काही तास उघाड हवी. वृत्तात पावसाबरोबर वाऱ्याचाही वेग असतो, तो फवारणीवाल्याने जरूर ऐकावा. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट कोंदट हवा, अंगावर नुसता बनियन, ह्या सगळ्यांचा त्यात हात होता. वारा तोंडावर येत असताना पंप चालवू नये. दमट, वारा पडलेल्या दुपारी दाट पिकात शिरू नये. मजुराकडून करून घेत असाल तर हातमोजे, तोंडाला पट्टी आणि पूर्ण बाहीचे कपडे ही जबाबदारी मालकाची आहे.

सोंगणीच्या वेळचा समुद्र

सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पिवळं पडतं, शेंगा वाजायला लागतात, आणि नेमका तेव्हाच उपसागर पुन्हा तापलेला असतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी गुलाब नावाचं चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आलं की वादळाचा वारा मोडतो, त्यामुळे लोक समजतात संपलं. वारा मोडला तरी पाणी मोडत नाही. गुलाबचं उरलेलं क्षेत्र तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर आलं, वाटेत ओततच आलं, आणि पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावलं. तिथे त्याला शाहीन हे दुसरं नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला ते थेट ओमान देशात जाऊन धडकलं. अख्खा देश ओलांडून गेलं!

२८ सप्टेंबरच्या सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर होता. पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर मार्गावरची एस.टी. बस त्यात घातली गेली आणि वाहून गेली. माणसं दगावली. किनाऱ्यावर वादळ येऊन तोवर दीड-दोन दिवस झाले होते. म्हणून सांगतो, आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ चढल्याची बातमी ऐकली की पुढचे तीन दिवस नाल्याचा भरवसा धरू नका. पुलावरून गुडघाभर पाणी जाताना दिसलं तरी बंडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल काहीही घालू नये. पाण्याखाली पूल शाबूत आहे की खचला हे वरून दिसत नाही. इसापूर, बेंबळा, अरुणावती अशा धरणांखालच्या गावांनी तर दारं उघडण्याची सूचना आली का, याचीही चौकशी ठेवावी. वरून ऊन पडलेलं असताना खाली पूर येऊ शकतो.

सोयाबीनचं असं करा. वादळ समुद्रात असतानाच, म्हणजे मच्छीमारांना परत बोलावलं जातं त्या दिवशी, सोंगलेलं सोयाबीन गोळा करून उंच जागी गंजी लावा आणि ताडपत्री टाका. पसरलेल्या पेंढ्या भिजल्या की दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. उभं पीक जर अजून आठ दिवस थांबू शकत असेल तर घाईने कापू नका. उभ्या पिकातून पाणी निथळून जातं, जमिनीवर पडलेल्यातून जात नाही.

दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत येणाऱ्या वादळांचं गणित वेगळं. तेव्हा कोणता किनारा हे विचारायचं. तमिळनाडूकडे जाणारी वादळं आपल्यापर्यंत क्वचित येतात. बांगलादेश-बंगालकडे वळणाऱ्यांनी आपल्याकडे बहुधा पाऊस येत नाही. मछलीपट्टणम ते विशाखापट्टणम ह्या टप्प्यात चढणारी मात्र आपली. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग हे वादळ आंध्रात बापटल्याजवळ चढलं, आणि विदर्भाच्या पूर्व भागात ढग आणि पाऊस आले. बोंडं फुटलेली असतील तर अशा वेळी इशारा मिळाल्या दिवशीच जेवढी होईल तेवढी वेचणी उरकावी, आणि भिजलेला कापूस कोरड्या कापसात अजिबात मिसळू नये. एका ओल्या गाठोड्यापायी सगळ्या ढिगाला कमी प्रत लागते. तुरीला त्याच दिवसांत फुलोरा-शेंगा असतात. ढगाळ हवा तीन-चार दिवस राहिली की शेंगा पोखरणाऱ्या अळीवर लक्ष ठेवावं.

विजेबद्दल दोनच शब्द. वीज मोठ्या क्षेत्रापेक्षा दुपारच्या स्थानिक गडगडाटी ढगातून जास्त पडते, मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विशेष. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजा. धुऱ्यावरच्या झाडाखाली उभं राहू नका, बैलं झाडाला बांधू नका. पक्क्या घरात जा. पुण्याच्या हवामान संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप मोबाईलवर विजेची सूचना देतं, ते घरातल्या कोणीतरी घेऊन ठेवावं.

वृत्त कुठे मिळेल, आणि आपलं माप आपण घ्यावं

शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून हवामान वृत्त सांगायची पद्धत आपल्या देशात १९४५ पासूनची. आता त्याच्या जोडीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा पाऊस, वारा, तापमान आणि पिकांची कामं असतात. मेघदूत ॲपवर तो मराठीतून वाचता येतो. विदर्भाचे इशारे नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतात. समाजमाध्यमांवर फिरणारे भलभलते निरोप मात्र सोडून द्यावेत. आजपासून पंचेचाळीस दिवसांनी अमुक तालुक्यात अमुक वेळी पाऊस, असं छातीठोक सांगणाऱ्याला समुद्रात तेव्हा काय असेल हे ठाऊक असायला हवं, आणि ते कोणालाच ठाऊक नसतं.

तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस तुमच्या वावरात पडला असं धरू नका. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एखादा डबा घ्या, वर आणि खाली सारख्याच घेराचा. तो मोकळ्या जागी, जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, कलंडणार नाही असा बसवा. रोज सकाळी साडेआठला पोराच्या कंपासपेटीतली पट्टी बुडापर्यंत घालून मिलिमीटर मोजा आणि डबा रिकामा करा. पट्टीचा शून्य कडेपासून आत असेल तर तेवढं अंतर मापात मिळवा. वहीत तारीख आणि माप लिहा, आणि शेजारी त्या दिवशी रेडिओने केंद्र कुठे सांगितलं होतं तेही लिहा: ओडिशाच्या किनाऱ्यावर, रायपूरकडे, जबलपूरकडे, की झारखंडात. दोन पावसाळ्यांची वही भरली की कोणत्या वाटेने गेलेलं क्षेत्र तुमच्या गावाला पाणी देतं आणि कोणतं हुलकावणी देतं ते कागदावर दिसायला लागेल. नेर-दारव्ह्याच्या कास्तकाराची वही आणि वणी-झरीच्या कास्तकाराची वही सारखी निघणार नाही.